रकाना सतरा

पितळखोऱ्यात उपग्रह सापडत नाहीत.
म्हणजे असतात वरती, सात-आठ,
पण कडा आडवा येतो
आणि हातातलं यंत्र लेणं उचलून
चाळीस मीटर पलीकडे
दरीत नेऊन ठेवतं, ओढ्याच्या पात्रात.

उखा सोनवणे, वनखात्याचा रोजंदार,
स्क्रीनवर वाकून बघतो.
‘अर्धं तर गेलंच हाये मॅडम खाली.
यंत्र खोटं नाही बोलत,
जरा लवकर बोलतंय.’

थांबावं लागतं.
तोवर मी तक्ता भरते.
प्रकार : चैत्य. दर्शनी भिंत : नाही.
रंग : आहेत, काजळीखाली.
पायऱ्या : उतरत्या, शेवाळलेल्या
(शेवाळाला रकाना नाही, शेऱ्यात लिहिते).
नागाच्या कोरीव फण्यांतून
वरचं पाणी खाली सोडायची सोय :
कोणीतरी कधीतरी गळतीचा विचार केला होता
आणि तोही देखणा केला होता.

रकाना सतरा. दान कोणाचं.

खांबाला हात लावायचा नाही,
म्हणून बॅटरी तिरपी धरते.
अक्षरं आपल्याच सावलीला धरून वर येतात.
पैठणचा माणूस. गंधी. अत्तराचं घराणं.
त्यानं एक खांब दिला.
एक.
अख्खं लेणं कुठून देणार?

रात्री कन्नडच्या लॉजवर, पंखा कुरकुरत असताना,
मी पैठणपासून इथवर रेघ ओढते.
शंभरेक किलोमीटर.
रेघ निघते ती थेट धरणाच्या पाण्यात शिरते,
बुडालेल्या गावठाणांवरून कोरडी बाहेर पडते,
वाळूजच्या कारखान्यांच्या पत्र्यांवरून,
वेरूळ उजव्या हाताला ठेवून
घाटाच्या काठाशी येऊन थांबते.
एका क्लिकची वाट.
त्याला किती मुक्काम पडले असतील,
बैल किती, कुठे कुणी जकात मागितली,
की तो आलाच नाही,
पैसे पाठवले कुणाच्या हाती
आणि आयुष्यभर विचारत राहिला येणाऱ्या-जाणाऱ्याला :
उभा राहिला का हो माझा खांब?

आईला फोनवर सांितलं तर म्हणाली,
‘अत्तरवाला व्हय? मग वास येतो का गं अजून?’
येतो, म्हटलं. वटवाघळांचा.
ती हसली. मग जरा गप्प.
मग म्हणाली, ‘त्याचं नाव तरी नीट घातलंय ना?’

आमच्या गल्लीतल्या विहाराला
आईनं अकरा फरश्या दिल्या होत्या,
धुण्याभांड्याच्या पैशातून, दोन हप्त्यांत.
पाटीवर पेंटरनं गयाबाईचं गंगाबाई केलं.
‘राहू द्या,’ म्हणाली तेव्हा, ‘फरश्यांना माहीत हाये.’
दारातून तिसरी ओळ, खिडकीकडून मोजत यायचं.
वंदनेला ती त्यांच्यावर बसत नाही,
शेजारी बसते.
तिला एकही उपग्रह लागत नाही.

सकाळी पुन्हा दरी.
समोरच्या कड्यावरून बिंदू घेतला, कोन मोजून मागे आणला.
आता चूक तीन मीटर.
तीन मीटरमध्ये तो खांब आहे, मी आहे,
उखाचा डबा आहे, आणि त्याच्या डोक्यावर
आग्या मोहोळ, ज्याच्याकडे बोट दाखवत तो कुजबुजतो,
‘ते पहिलं टाका नकाशात. त्याच्यानं माणसं मरत्यात.’
मी टाकते. चुकीच्या थरात, पण टाकते.

फाईल पाठवायच्या आधी
एक ओळ जास्तीची दिसली.
मीच भरली होती रात्री, झोपेच्या भरात बहुतेक.
प्रकार : विहार. छत : पत्रा. शतक : एकविसावं.
दान : गयाबाई, फरश्या अकरा.
स्थिती : चांगली. एक तडकलेली.

साहेब विचारतील.
विचारू देत.